सामाजिक संकेतस्थळांचे आकर्षण : वैद्याने काय विचारावे?

गेल्या काही वर्षांत वैद्यांच्या कोणत्याही मेळाव्यात, मग ते शास्त्रचर्चेचे सत्र असो वा भोजनोत्तर गप्पा असोत, एक विषय हमखास निघतो. "या मुलांना त्या मोबाइलमध्ये एवढे दिसते तरी काय?" असे विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशीचे असतात आणि उत्तराची अपेक्षा त्यांना स्वतःलाही नसते. उपस्थित मंडळी माना हलवितात. कोणी आपल्या मुलाचा, कोणी भाच्याचा, कोणी रुग्णाचा दाखला देतो. 'पिढीच बिघडली' असा समारोप होतो आणि मग जो तो खिशातून मोबाइल काढून मधल्या काळात कोणाकोणाचे निरोप आले ते पाहू लागतो.

हे दृश्य आम्ही अनेकवार पाहिले आहे आणि त्यात सहभागीही झालो आहोत. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, असे नवल करीत बसणे सामान्य प्रौढ माणसाला क्षम्य असेल; वैद्याला ते परवडणारे नाही. रुग्ण एखादी गोष्ट का करतो हे उमगलेले नसताना ती सोडण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो, याचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी व औषधालयचालकांनी करावा, अशी विनंती आहे.

आम्हीही एके काळी कोडे होतो

प्रथम स्वतःविषयी. आम्ही बी.ए.एम.एस. पूर्ण करून आंतरवासिता करीत होतो तो काळ २००५-०६ चा. ऑर्कुट हे संकेतस्थळ जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले होते. प्रारंभी तेथे आधीच्या सदस्याच्या निमंत्रणाखेरीज प्रवेश नसे आणि ते निमंत्रण मिळणे हाही एक मान होता. पाहता पाहता भारतात व ब्राझीलमध्ये त्याने जम बसविला. वसतिगृहातील आम्ही पाच-सहा मित्र रुग्णालयातील काम आटोपले की सायबर कॅफेत जात असू. तासाचे पैसे मोजून एकमेकांच्या पानावर 'स्क्रॅप' लिहीत असू, आपल्याविषयी कोणी 'टेस्टिमोनियल' लिहिले का ते पाहत असू आणि आपले पान कोण पाहून गेले याची चौकशी करीत असू.

आमचे वडील वैद्य. सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी त्यांचा चिकित्सा व्यवसाय होता. आज तो आम्ही चालवितो. सुट्टीत घरी आलो असता आम्ही रोज सायंकाळी बाजारपेठेतील कॅफेत जातो हे त्यांच्या लक्षात आले. एके दिवशी त्यांनी विचारले, "ज्यांच्याशी दिवसभर एका खोलीत राहतोस त्यांनाच पत्रं लिहायला तू पैसे मोजतोस?" आम्ही काहीतरी उडवाउडवीचे उत्तर दिले. खरे उत्तर आमच्यापाशी होते, परंतु ते अण्णांना सांगण्याजोगे वाटले नाही. दिवसभर एका खोलीत राहणाऱ्या मित्राने तोंडावर कधी न बोललेले दोन चांगले शब्द आमच्या पानावर, चारचौघांना दिसतील असे लिहिले होते. ते पुन्हा पुन्हा वाचण्यास आम्ही जात होतो.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तोवर आमचे लग्न, व्यवसाय, कन्या असा संसार मांडला गेला होता. आज ती कन्या दहावीत आहे. इन्स्टाग्रामवरील मैत्रिणींच्या चित्रांकडे ती तासन्‌तास पाहते तेव्हा आमच्या तोंडून अण्णांचेच वाक्य निघते. वीस वर्षांत आम्ही कोड्याच्या आतून बाहेर आलो आणि आत काय होते तेवढे मात्र विसरलो. आज चाळिशीत असलेल्या अनेक वैद्यांची अवस्था यापेक्षा वेगळी नसावी.

एक चुकलेली चिकित्सा

हे विस्मरण घरापुरते राहिले असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ते चिकित्सालयात आपल्यासोबत येऊन बसते.

काही वर्षांपूर्वी अकरावी विज्ञान शाखेतील एका मुलीला तिच्या आई घेऊन आल्या. निद्रानाश, शिरःशूल, अम्लोद्गार, अनियमित रजःप्रवृत्ती अशी लक्षणे होती. मुलगी बोलण्यापूर्वीच आई म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळं त्या मोबाइलमुळे. तुम्हीच सांगा तिला, माझं ऐकत नाही." आम्ही सांगितले. चांगले पंधरा मिनिटे सांगितले. डोळे, पित्त, अभ्यास, भविष्य, आईवडिलांचे कष्ट, काहीही वगळले नाही. औषध दिले, पथ्यात 'मोबाइल पूर्ण वर्ज्य' असे लिहिले आणि उत्तम समुपदेशन केल्याच्या समाधानात पुढील रुग्णास बोलाविले. मुलगी पुन्हा आली नाही.

वर्षभराने तिच्या आई स्वतःच्या गुडघ्यांसाठी आल्या. लेकीची विचारपूस केली तेव्हा त्या संकोचाने म्हणाल्या, "ती म्हणाली, त्या डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही."

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा विद्यार्थिदशेपासून आपण पाठ म्हणत आलो. त्या मुलीची नाडी आम्ही पाहिली, जिव्हा पाहिली, उदर तपासले. प्रश्न मात्र एकही विचारला नाही, कारण उत्तर आम्हांस आधीच ठाऊक आहे अशी आमची समजूत होती. रुग्ण संधिवाताचा असता तर 'वेदना केव्हा वाढते, कशाने उपशम होतो' हे विचारल्याखेरीज आम्ही औषधाला हात लावला नसता.

त्यानंतर अशा रुग्णांना आम्ही एक साधा प्रश्न विचारू लागलो. "तिथे काय असतं? मला कळत नाही, तू सांग." स्वरात उपहास नसेल तर मुले सांगतात. बारावीत शिकणारा, वसतिगृहात राहणारा एक मुलगा रात्री दोनपर्यंत जागत असे. तो म्हणाला, "सर, अकरानंतर सगळे तिथे असतात. मी नसलो तर दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे कशावर हसतायत तेच कळत नाही." या एका वाक्यात त्याच्या व्याधीचा हेतू होता. त्याला मोबाइलची हौस नव्हती. पंक्तीतून उठविले जाण्याचे भय होते. हे भय चौदा-पंधरा वर्षांच्या वयात किती मोठे असते, हे ज्याने शाळेच्या मैदानावर एकटे उभे राहून पाहिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

भूक कोणती आणि अन्न कोणते

म्हणून आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक ती भूक आणि दुसरे तिला मिळणारे अन्न. भूक नैसर्गिक आहे. आपल्याला कोणी ओळखावे, चार जणांत आपले नाव निघावे, समवयस्कांच्या सुखदुःखात आपला वाटा असावा, ही इच्छा संगणकाच्या जन्मापूर्वीची आहे. गावच्या पारावर, पाणवठ्यावर, गणेशोत्सवाच्या मांडवात, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ती भागत असे. आज वसतिगृहातील वा शिकवणी वर्गांच्या चक्रातील मुलाला पार नाही आणि कट्ट्यावर बसण्यास वेळ नाही. रात्री अकरानंतरचा मोबाइल हाच त्याचा पार आहे.

लोकैषणा हा शब्द उपनिषदांतून आला आणि लोकांकडून मान मिळावा या इच्छेसाठी लौकिकात रूढ झाला. चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या. एषणा असणे हा तेथे दोष मानलेला नाही. तिची पूर्ती कोणत्या मार्गाने व्हावी याचे विवेचन आहे. हाच विवेक येथे हवा.

आता अन्नाविषयी. आमच्या काळचे ऑर्कुट व आजची माध्यमे यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो समजून न घेता 'आम्हीही केले, ही मुलेही करोत' असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा प्रमाद होईल. आमच्या पानाला शेवट होता. आलेले आठ-दहा स्क्रॅप वाचून झाले की वाचण्यासारखे काही उरत नसे. शिवाय कॅफेचा मालक "टाइम झाला" म्हणून हाक मारीत असे. त्या गृहस्थांना आयुर्वेदाचा गंध नसेल, पण मात्रेचे पालन ते चोख करीत.

आजच्या पानाला शेवट नाही. खाली सरकवीत गेले की नवे येतच राहते, अशी रचना २००६ च्या सुमारास निघाली आणि पुढे बहुतेक माध्यमांनी ती स्वीकारली. फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये 'लाइक'चे बटण आणले आणि कौतुकाला आकडा मिळाला. आपला निरोप समोरच्याने वाचला हे दर्शविणाऱ्या निळ्या खुणा व्हॉट्सॲपवर २०१४ मध्ये आल्या आणि 'वाचले तरी उत्तर दिले नाही' हा एक नवाच मनस्ताप जन्मास आला. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने 'रील्स' भारतात सुरू केले. अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या चित्रफितींची सवय एक दार बंद होताच दुसऱ्या दाराने घरात राहिली.

यातील आणखी एक खुबी जाणून घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा ठराविक वेळी न देता कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने असा अनिश्चितपणे दिला, तर कबूतर अधिक वेगाने व चिकाटीने चोच मारीत राहते, असे त्यांना आढळले. मोबाइल उघडल्यावर काय हाती लागेल याचा नेम नसतो. बहुधा निरुपयोगी, क्वचित आनंददायक. हा 'क्वचित' माणसाला बांधून ठेवतो. तेव्हा मुलांची इच्छाशक्ती दुर्बल आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, त्या इच्छाशक्तीच्या विरुद्ध बाजूस किती कुशल माणसे पगार घेऊन बसली आहेत, हेही लक्षात घ्यावे.

शास्त्राची दृष्टी

या विषयासाठी आपल्याला परकीय परिभाषा उसनी घ्यावी लागत नाही. असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम हे व्याधींचे त्रिविध हेतू त्याच तिस्रैषणीय अध्यायात आले आहेत. तेथे चक्षुरिंद्रियाच्या मिथ्यायोगाचे वर्णन करताना अति जवळून पाहणे, तसेच रौद्र, भयंकर, अद्भुत, किळसवाणे, विकृत असे रूप पाहणे यांची गणना केली आहे. एखाद्या तरुणाच्या मोबाइलवर अर्ध्या तासात काय काय सरकून जाते ते एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावे. अपघात, नृत्य, भांडण, पक्वान्न, युद्ध, विनोद असे सर्व नेत्रांपासून वीतभर अंतरावर आणि एकामागून एक येत असते. अतियोग आणि मिथ्यायोग यांचे याहून स्पष्ट उदाहरण शिकवावयास मिळणार नाही.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी येथे पहिला आघात निद्रेवर होतो. मन क्लांत झाले आणि इंद्रिये आपापल्या विषयांपासून निवृत्त झाली म्हणजे निद्रा येते, असे चरकांनी सांगितले. मोबाइल पाहणाऱ्याचे मन क्लांत होते, पण इंद्रियांना निवृत्त होऊ दिले जात नाही. रात्रीचे जागरण रूक्षता वाढविते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात वा घरी काढलेली झोप कफाला आमंत्रण देते. वातपित्ताची लक्षणे घेऊन आलेल्या तरुणात सकाळी जडत्व व अग्निमांद्य का दिसते, याचा उलगडा यातून होतो. कारण न शोधता अम्लपित्ताची गोळी आणि झोपेचे सिरप देत राहणे म्हणजे गळक्या छताखाली पातेले ठेवण्यासारखे आहे.

मानस वेगांचेही तसेच. नवेगान्धारणीय अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या इत्यादी वेग आवरावेत असा उपदेश आहे. इतरांच्या सहली, इतरांची वस्त्रे, इतरांचे गुण यांचे अखंड प्रदर्शन पाहून ईर्ष्येचा वेग दिवसातून पन्नास वेळा उत्पन्न होत असेल, तर तो पन्नास वेळा धारण करण्याची अपेक्षा सोळा वर्षांच्या मुलाकडून करणे कितपत न्याय्य आहे? येथे प्रथम निदानपरिवर्जनाचा विचार हवा.

परंतु तेही एका दिवसात नव्हे. सवयीने अंगवळणी पडलेले अहितकर क्रमाक्रमाने, चतुर्थांशाने सोडावे आणि त्याच क्रमाने हितकर अंगीकारावे, असा पादांशिक क्रम याच अध्यायात सांगितला आहे. क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण टिकतात, हे त्याचे फल. 'मोबाइल पूर्ण वर्ज्य' असे लिहिणारी आमची ती चिठ्ठी या कसोटीस उतरणारी नव्हती.

वसतिगृहातील मुलाच्या बाबतीत आम्ही हा क्रम वापरून पाहिला. अकरा ते दोन या तीन तासांचे पाऊण-पाऊण तासाचे चार भाग केले आणि शेवटचा एक भाग प्रथम काढला. ग्रंथोक्त अंतर दिवसांचे आहे, आम्ही ते आठवड्यांचे धरले. काढलेल्या पाऊण तासात पादाभ्यंग आणि दिवा मालवून पडून राहणे एवढेच सांगितले. त्याच्या मित्रमंडळींची गप्पांची वेळ संध्याकाळी जेवणाआधी आणता येईल का, हे त्यानेच त्यांना विचारावे असे सुचविले. दोघा-तिघांनी मानले, बाकीच्यांनी नाही. दोन महिन्यांनी तो पावणेबारापर्यंत झोपू लागला. डोकेदुखी थांबली, सकाळची भूक परतली. मोबाइल सुटला नाही आणि तो सुटावा असा आमचा आग्रहही उरला नव्हता.

आमचाही एक प्रमाद

येथवर आम्ही मुलांविषयी लिहिले. न्याय व्हावयाचा तर आपल्याविषयीही लिहिले पाहिजे.

तीनेक वर्षांपूर्वी एका वृद्ध महिलेच्या पायावरील जुना दुष्टव्रण आमच्या चिकित्सेने भरून आला. मधुमेह होता, इतरत्र उपचार झाले होते, त्यामुळे आम्हांस आनंद होणे साहजिक होते. चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे अशी दोन छायाचित्रे आम्ही फेसबुकवर टाकली. आजींना विचारले होते. त्या "काढा की" म्हणाल्या होत्या. त्या संध्याकाळी आम्ही किती जणांनी पसंती दिली हे नऊ वेळा पाहिले. रात्री भोजन करतानाही पाहिले. कन्येने विचारले, "बाबा, काय बघताय एवढं?" तेव्हा आम्हांस काही सुचले नाही.

चौथ्या दिवशी आजींचा मुलगा आला. छायाचित्रात चेहरा नव्हता, परंतु पायाशी टेकलेला हात होता आणि हातावर गोंदण होते. पुण्यातील नात्यातल्या एका मुलीने ते ओळखले आणि नातलगांत चर्चा झाली. मुलगा रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, "आईला वाटलं होतं, तुमच्या वहीसाठी काढताय." आम्ही छायाचित्र त्वरित काढून टाकले. तोवर ते किती जणांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसले होते याचा हिशेब कोणाजवळ नाही. आजी पुढेही औषधाला येत राहिल्या, पण पाय दाखविताना पूर्वीसारख्या मोकळ्या राहिल्या नाहीत.

त्या दिवसापासून 'मुलांना तिथे काय दिसते' हा प्रश्न आम्हांस पडत नाही. आम्हांस जे दिसले तेच त्यांनाही दिसते. वय, पदवी आणि शास्त्राध्ययन यांनीही जी ओढ आमच्याकडून आवरली गेली नाही, ती मुलांनी निमूटपणे आवरावी असे सांगताना आता जीभ अडखळते. वैद्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरही हाच अनुभव येतो. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार सांगितले आहेत. सौहार्दाने ज्ञान वाढविणारी पहिली, जिंकण्यासाठी केलेली दुसरी. रात्री अकरानंतर आपल्या गटांवर कोणती चालते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द

या जर्नलचे अनेक वाचक औषधालये चालवितात. ग्राहक मोबाइल पुढे धरतो आणि "हे द्या" म्हणतो, हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घेण्याचे सुचविले होते. मोबाइलवर फिरता फिरता त्या काढ्यात मनाला येईल त्या द्रव्यांची भर पडली, दोन वेळांचे पाच वेळा झाले आणि ऐन उन्हाळ्यात मुखपाक, दाह, रक्तार्श घेऊन आलेले रुग्ण आम्ही पाहिले. योजना मुळात मात्रेची होती, निरोपात मात्रा हरवली.

औषधालयचालकांनी अशा वेळी "कोणी सांगितलं? कोणासाठी? वय काय? अन्य औषधे चालू आहेत का?" एवढे चार प्रश्न विचारले तरी मोठी सेवा होईल. विक्री क्वचित घटेल, विश्वास वाढेल. दुसरी गोष्ट स्वतःच्या जाहिरातींची. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात जाहिरातीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. तीत परिपत्रक, वेष्टन येते, तोंडी घोषणा येते आणि प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही येते. 'दुकानाच्या खात्यावर नुसते एक चित्र टाकले' ही सबब त्यापुढे टिकेल असे कोणी मानू नये. मधुमेह मुळापासून बरा करण्याचे वचन देणारे चित्र छापील असो वा मोबाइलवरील, कायद्याच्या दृष्टीने ते वचनच आहे. आणि परीक्षेच्या दिवसांत 'मोबाइलचे व्यसन सोडविणारे' म्हणून एखादे मेध्य सिरप विकण्याचा मोह झालाच, तर ज्या मुलाला रात्री दोनपर्यंत झोप मिळत नाही त्याच्या बुद्धीला सिरप कितीसे साहाय्य करणार, हे आपण जाणताच.

काय करता येईल

ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. कायद्याचे बरेवाईट कालांतराने कळेल. कायदा दार बंद करील, पण पार बांधून देणार नाही. ते काम घराचे, शाळेचे आणि काही अंशी आपले आहे.

आमच्या अल्प मतीने चार सूचना कराव्याशा वाटतात. रुग्णपत्रकात निद्रा, मलप्रवृत्ती, क्षुधा यांच्या शेजारी 'मोबाइल : केव्हा, किती, कशासाठी' अशी एक ओळ असावी, ती सर्व वयाच्या रुग्णांना विचारावी, कारण सत्तरीतील निद्रानाशाचे मूळही पुष्कळदा उशाशीच सापडते. तरुण रुग्णाशी काही वेळ पालकांच्या अनुपस्थितीत, त्यांच्या संमतीने बोलावे. वर्ज्य करण्याऐवजी पादांशिक क्रम लिहून द्यावा आणि काढलेल्या वेळेच्या जागी काय ठेवायचे तेही लिहावे. रुग्णाचे छायाचित्र घेताना ते कोठे जाणार, कोण पाहणार हे त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी. समजावता येत नसेल तर ते आपल्या वहीतच राहू द्यावे.

शेवटी पुन्हा अण्णांविषयी. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पहाटे पाचला उठतात आणि मुखमार्जनही करण्यापूर्वी मोबाइल हाती घेतात. सूर्योदय, फुले आणि सुप्रभात अशा चित्रांची देवघेव चालते. ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व आम्हांस शिकविणाऱ्या माणसाचा हा दिनक्रम पाहून आम्ही मनोमन हसत असू. मागील महिन्यात आम्ही ठरवून, उपहास न करता विचारले, "अण्णा, काय असतं हो त्यात रोज?"

ते म्हणाले, "आमच्या कॉलेजच्या बॅचचे आता अकरा जण उरलेत. सकाळी एखाद्याचं सुप्रभात आलं नाही, की मी सात वाजता त्याच्या घरी फोन करतो."

वीस वर्षांपूर्वी त्यांनी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही उत्तर देण्याचे टाळले होते. आमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले. चिकित्सालयात येणारा प्रत्येक रुग्ण, मग तो सोळा वर्षांचा असो वा अठ्ठ्याहत्तरचा, असे काही उत्तर जवळ बाळगून असतो. ते ऐकल्यावर मात्रा ठरविता येते. अलमतिविस्तरेण.